पिकअप बसकी करणे

पिकअप बसकी करणे : पिकअप ट्रकच्या सस्पेन्शनमध्ये फेरफार करून तिची चॅसी जमिनीच्या जवळ आणणे. अमेरिकेत, विशेषतः कॅलिफोर्नियात, ही हौस परंपरा म्हणून वाढली. तिथे हा उतार इंचांत आणि जोडीने सांगतात. ‘३/४’ म्हणजे पुढून ३ इंच (सु. ७·५ सेंमी.) आणि मागून ४ इंच (सु. १० सेंमी.). हौद्यात माल पडल्यावर गाडी सपाट बसावी म्हणून रिकामी पिकअप मुळातच मागून उंच ठेवलेली असते. त्यामुळे मागचा आकडा बहुधा मोठा असतो.

या हौसेचा उगम गरिबीतला आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर लॉस एंजेलिस परिसरातले मेक्सिकन-अमेरिकन तरुण जुन्या मोटारी घेऊन डिकीत वाळूच्या गोण्या टाकत, नाहीतर स्प्रिंगची वेटोळी कापत. १९५० च्या दशकाअखेरीस कॅलिफोर्नियाच्या वाहन संहितेतील कलम २४००८ ने याला आडकाठी केली. फेरफार केलेल्या गाडीचा चाकांखेरीज कोणताही भाग रिमच्या खालच्या कडेपेक्षा खाली येता कामा नये, असा तो नियम होता आणि ६,००० पौंडांखालील व्यापारी वाहनांनाही तो लागू होता. रॉन अगिरे यांनी १९५९ मध्ये आपल्या कॉर्व्हेटला हायड्रॉलिक यंत्रणा बसवली, त्यामुळे गाडी हवी तेव्हा वर घेता येऊ लागली. कलम २४००८ अखेर १ जानेवारी २०२४ पासून रद्द झाले. छोट्या जपानी पिकअप स्वस्तात मिळू लागल्यावर ही हौस मोटारींकडून ट्रककडे आली. टोयोटा, निसान, माझदा यांच्या या गाड्यांना तिथे ‘मिनीट्रक’ म्हणतात.

मिनीट्रक लोकप्रिय होण्याचे एक यांत्रिक कारणही आहे. त्यांपैकी बऱ्याच गाड्यांना पुढे स्प्रिंगऐवजी टॉर्शन बार असतो. ही पोलादी दांडी पिळली जाते आणि त्या पिळावर गाडीचा भार पेलला जातो. दांडीच्या टोकाशी असलेला समायोजक बोल्ट सैल केला की पुढची बाजू खाली येते. खर्च शून्य. दांडीचा ताठपणाही बदलत नाही, बदलते ती फक्त गाडी बसण्याची उंची. चाक जॅकवर उचलून भार काढायचा, बोल्टवर खूण करायची, दोन्ही बाजूंचे फेरे मोजायचे आणि चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर आधी व नंतर मापायचे, एवढेच काम. मात्र कंट्रोल आर्म (चाकाला चॅसीशी जोडणारा हात) रबरी बंपस्टॉपच्या जवळ येतो. फार उतरवलेली गाडी प्रत्येक खड्ड्यात त्या रबरावर आपटते.

जिथे पुढे कॉइल स्प्रिंग आहे तिथे स्वस्त मार्ग म्हणजे वेटोळे कापणे. स्प्रिंगचा ताठपणा कार्यरत वेटोळ्यांच्या संख्येच्या व्यस्त प्रमाणात असतो. ८ पैकी १ वेटोळे कापले तर स्प्रिंग सु. १४ टक्के अधिक ताठ होते. मर्यादेत हे उपयोगीच ठरते, कारण उरलेली हालचाल कमी असते. स्प्रिंग कंट्रोल आर्मच्या मध्याशी असेल, तर ती १ इंच आखूड झाल्यावर चाकापाशी उतार सु. २ इंचांचा पडतो. म्हणून एका वेळी अर्धेच वेटोळे कापावे, तेही कटिंग डिस्कने. गॅसने तापवून स्प्रिंग ‘बसवणे’ सर्वांत स्वस्त आणि सर्वांत वाईट, कारण पोलादाचे पाणी उतरते आणि ती पुढे केव्हाही बसते किंवा तुटते. टोक घासून सपाट केलेली स्प्रिंगही कापू नये, ती आपल्या बैठकीत नीट बसत नाही. पैसे असतील तर ‘ड्रॉप स्पिंडल’ उत्तम. त्यात चाकाचा आस ‘नकल’वर (चाक धरणाऱ्या सांध्यावर) वर सरकवलेला असतो, त्यामुळे गाडी उतरते पण आर्मचे कोन आणि स्प्रिंगची हालचाल जशीच्या तशी राहते.

मागच्या बाजूला पाटे असतात. ॲक्सल पाट्यांच्या वर असेल तर दोहोंमध्ये २ किंवा ३ इंचांचा ठोकळा आणि लांब यू-बोल्ट घालून काम होते. ॲक्सल पाट्यांच्या खाली असेल तर ठोकळ्याने गाडी उलट उंच होते. तिथे ॲक्सल पाट्यांवर चढवावा लागतो. हा ‘फ्लिप’ एका झटक्यात ५–६ इंच उतरवतो आणि मग ॲक्सलला जागा व्हावी म्हणून चॅसीला अर्धगोल खाच पाडून वर पोलादी मजबुती जोडावी लागते. ते वेल्डिंगमधल्या कसबी हाताचे काम आहे. ठोकळा लाकडाचा नसावा, एकावर एक दोन ठोकळे नसावेत आणि ताणलेले जुने यू-बोल्ट पुन्हा वापरू नयेत. काही दिवस चालवून ते पुन्हा आवळावेत. पाटे काढून गाडी उतरवणे टाळावे, त्यात भार पेलण्याची ताकदच जाते.

कमी खर्चाचे काम फसते ते बहुधा सुटे भाग स्वस्त असल्यामुळे नव्हे, पुढची कामे न केल्यामुळे. कंट्रोल आर्मचे कोन बदलले की कॅम्बर आणि टो (चाकांचा कल आणि दिशा) बदलतात आणि टायर आतल्या कडेने झिजतात. वाचवलेले पैसे अशा टायरच्या एका जोडीत जातात, म्हणून व्हील अलाइनमेंट हा अंदाजपत्रकातला पहिला खर्च धरावा, दुसरा आखूड शॉकअपचा. काही गाड्यांत, विशेषतः टोयोटात, मागच्या ब्रेकचा दाब भारानुसार बदलणारा व्हॉल्व्ह असतो. ॲक्सल चॅसीजवळ आला की या व्हॉल्व्हला गाडी भरलेली वाटते आणि तो मागच्या चाकांना जास्त दाब देतो. रिकामी गाडी ओल्या रस्त्यावर अशाने मागून घसरते. या व्हॉल्व्हचा दांडा नव्या उंचीला जुळवून घेणे अनिवार्य आहे. हेडलाइटचा झोतही तपासावा.

महाराष्ट्रात पिकअपच्या बाबतीत चाल नेमकी उलटी आहे. माल जास्त भरता यावा म्हणून इथे पाटे वाढवतात. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफाराला भारतात मनाई आहे. २०१९ च्या दुरुस्तीने बदललेल्या कलम १८२अ नुसार असा फेरफार करणाऱ्या मालकाला ६ महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.