शिकागोच्या मैदानावरील पराभव

मराठी माणसाला पराभवाचा इतिहास नवा नाहीं. पानिपतावर आपण जितकें लिहिलें तितकें एखाद्या विजयावर क्वचितच लिहिलें असेल. आणि त्या साऱ्या लिखाणांतून आपण एक गोष्ट शिकलों, ती ही कीं, मोठा पराभव एका दिवसांत होत नाहीं. रणांगणावर तो दिसतो एका दिवशीं. त्याची तयारी मात्र दरबारांत आणि दफ्तरांत कित्येक वर्षें चाललेली असते. आज मी ज्या पराभवाविषयीं बोलणार आहें तो खेळांतला आहे, आणि तोहि सातासमुद्रांपलीकडचा. परंतु त्यालाहि हाच नियम लागू पडतो, म्हणून तो सांगण्यासारखा आहे.

ही हकीकत शिकागो विद्यापीठाच्या फुटबॉल-संघाच्या १९३९ सालच्या हंगामाची. प्रथम एक खुलासा केला पाहिजे. अमेरिकेंत ज्याला फुटबॉल म्हणतात तो आपल्याकडील फुटबॉल नव्हे. तेथला चेंडू लांबट व दोन्ही टोकांना निमुळता असतो. तो हातांत घेऊन धांवावें, हातानें फेंकावा, आणि चेंडू घेऊन येणाऱ्या प्रतिपक्ष्याला अंगावर जाऊन खालीं पाडावें, असा त्या खेळाचा नियमच आहे. चेंडूसह प्रतिपक्षाच्या शेवटच्या रेषेपलीकडे पोंचलें कीं सहा गुण मिळतात आणि त्यानंतर एका जादा गुणाची संधि मिळते. तेव्हां पुढें जे आंकडे येतील ते गोलांचे नव्हेत हें ध्यानांत ठेवावें. दुसरी गोष्ट अशी कीं, हा खेळ अमेरिकेंत मुख्यतः विद्यापीठांनीं वाढविला. शनिवारचे सामने पाहण्यास हजारों लोक तिकिटें काढून जमूं लागले, आणि विद्येच्या मंदिराला लागूनच पैशाचा एक मोठा बाजार उभा राहिला.

शिकागो शहराचें नांव आपल्या कानीं आलें तें १८९३ सालच्या सर्वधर्मपरिषदेमुळें. तिच्या आदल्याच वर्षीं तेथील विद्यापीठानें आपले वर्ग उघडले होते. रॉकफेलर यांचें द्रव्य आणि विल्यम रेनी हार्पर या पहिल्या अध्यक्षांची कर्तबगारी, या दोन खांबांवर तें उभें राहिलें. हार्पर पूर्वीं येल येथें प्राध्यापक होते. तेथील आपले एक विद्यार्थी एमस अलोन्झो स्टॅग यांना त्यांनीं प्रारंभींच बोलावून घेतलें व शारीरिक शिक्षणाचें खातें त्यांच्या हवालीं केलें. नव्या संस्थेला नांव हवें असतें, आणि ग्रंथांपेक्षां खेळ तें लवकर मिळवून देतो. स्टॅग यांनीं तें मिळवून दिलें. १८९२ ते १९३२ असे ४१ हंगाम त्यांनीं हा संघ शिकविला. मध्य-पश्चिमेकडील विद्यापीठांचा जो जुना संघ पुढें ‘बिग टेन’ या नांवानें प्रसिद्ध झाला, त्याचें अजिंक्यपद शिकागोनें सात वेळां पटकाविलें. १९०५ सालीं मिशिगन विद्यापीठाचा संघ सतत ५६ सामने अपराजित राहून शिकागोस आला, आणि दोन विरुद्ध शून्य असा हरून परत गेला. त्या काळीं शिकागोच्या मैदानावर जिंकणें हीच मोठी कीर्ति समजली जाई. त्या मैदानाला पुढें ‘स्टॅग फील्ड’ असें नांव मिळालें.

१९२९ सालीं अवघ्या तिसाव्या वर्षीं रॉबर्ट मेनार्ड हचिन्स या विद्यापीठाचे अध्यक्ष झाले. विद्यापीठ हें बुद्धीच्या उपासनेसाठीं आहे, इतर सर्व गोष्टी गौण, असें त्यांचें रोखठोक मत होतें. १९३१ सालीं पदवीपूर्व शिक्षणाची नवी योजना सुरू झाली. वर्गांतील हजेरीला महत्त्व राहिलें नाहीं. सर्वांगीण परीक्षांना तोंड देणें मात्र अटळ झालें. दिवसाचे कित्येक तास मैदानावर घालविणाऱ्या मुलाला ही योजना सोयीची नव्हती. खेळाडूंसाठीं सोपे अभ्यासक्रम ठेवावे किंवा त्यांना द्रव्याचें आमिष दाखवून आणावें, हें हचिन्स यांना मान्य नव्हतें. मिशिगन, ओहायो, इलिनॉय हीं सरकारी विद्यापीठें विद्यार्थिसंख्येनें दिवसेंदिवस अफाट वाढत होतीं. शिकागोचा पदवीपूर्व वर्ग त्या मानानें लहानच राहिला. स्टॅग सत्तर वर्षांचे झाले तेव्हां नियमाप्रमाणें त्यांना निवृत्त करण्यांत आलें. तो म्हातारा मात्र घरीं बसला नाहीं. कॅलिफोर्नियांतील कॉलेज ऑफ दि पॅसिफिक या लहानशा संस्थेचा संघ त्यानें हातीं घेतला. १९३८ सालीं तोच संघ घेऊन तो शिकागोस आला, आणि ज्या मैदानाला त्याचें स्वतःचें नांव होतें तेथेंच त्यानें आपल्या जुन्या विद्यापीठाचा ३२ विरुद्ध शून्य असा पराभव केला. स्टॅग त्या वेळीं ७६ वर्षांचे होते.

मध्यंतरीं आशेचा एक किरण चमकून गेला होता. १९३५ सालीं शिकागोचा जे बरवँगर हा खेळाडू इतका तेजस्वी निघाला कीं, न्यूयॉर्कच्या डाउनटाउन ॲथलेटिक क्लबनें सुरू केलेला, पुढें हाइझमन चषक म्हणून गाजलेला मान प्रथम त्याला मिळाला. परंतु त्याच वर्षीं त्याच्या संघानें चार सामने जिंकले आणि चार गमावले. एका खांबावर तंबू उभा राहत नाहीं, तो असा.

आतां १९३९ कडे वळूं. हंगामाचा पहिला सामना बेलॉइट या लहान कॉलेजाशीं झाला. शिकागो सहा विरुद्ध शून्य असे हरले. वॉबॅश कॉलेजाला त्यांनीं १२ विरुद्ध २ असें हरविलें. मग हार्वर्डशीं गांठ पडली : शून्य विरुद्ध ६१. ऑक्टोबरांत मिशिगनचा संघ आला : शून्य विरुद्ध ८५. चौतीस वर्षांपूर्वीं ज्या मिशिगनचा गर्व शिकागोनें उतरविला होता, तेंच हें मिशिगन. आणि त्याचे शिक्षक फ्रिट्झ क्राइस्लर हे शिकागोंतच स्टॅग यांच्या हाताखालीं तयार झालेले. त्यापुढें व्हर्जिनियाकडून ४७, ओहायो स्टेटकडून पुन्हां ६१. ओबर्लिन कॉलेजावर २५ विरुद्ध शून्य असा एक विजय, आणि शेवटीं इलिनॉयकडून ४६. आठ सामन्यांत शिकागोचे एकूण गुण ३७, प्रतिपक्षांचे ३०८. ‘बिग टेन’मधील तीन सामन्यांत १९२ गुण अंगावर घेऊन आपला एकहि गुण नाहीं.

हा जमाखर्च नीट वाचला तर एक गोष्ट डोळ्यांत भरते. वॉबॅश, ओबर्लिन, बेलॉइट या आपल्यासारख्याच खेळाडूंच्या संघांशीं शिकागोचे तीन सामने झाले. त्यांपैकीं दोन त्यांनीं जिंकले व तिसरा थोडक्यांत गमावला. म्हणजे हीं मुलें नादान नव्हतीं. तीं भलत्याच पंगतींत बसविलीं गेलीं होतीं. त्यांचा शिक्षकहि नालायक नव्हता. क्लार्क शॉनेसी हे त्या हंगामानंतर स्टॅनफर्ड विद्यापीठांत गेले. त्या संघाला १९३९ सालीं एकच सामना जिंकतां आला होता. शॉनेसींच्या नव्या व्यूहरचनेच्या बळावर १९४० सालीं तोच संघ अपराजित राहिला आणि १९४१ च्या पहिल्या दिवशीं मानाचा रोझ बोल सामनाहि त्यानें जिंकला. सेनापति तोच, बदललें तें सैन्य.

मग दोष कोणाचा? माझ्या मतें तो दोन्ही डगरींवर हात ठेवण्याच्या वृत्तीचा होता. शिकागो विद्यापीठाला ‘बिग टेन’च्या पंक्तीचा मान सोडवत नव्हता आणि त्या मानासाठीं जी किंमत इतर संस्था देत होत्या ती द्यावयाची नव्हती. ती किंमत न देणें हें योग्यच होतें. १९२९ सालच्या कार्नेगी संस्थेच्या अहवालानें अमेरिकन महाविद्यालयांत खेळाडूंना द्रव्यसाहाय्य देण्याचा प्रघात किती बोकाळला आहे हें उघडकीस आणलें होतें. डिसेंबर १९३८ मध्यें हचिन्स यांनीं स्वतः ‘सॅटर्डे ईव्हनिंग पोस्ट’ या साप्ताहिकांत लेख लिहून या बाजारावर कोरडे ओढले, आणि सामन्याचें तिकीट दहा सेंटांवर आणावें म्हणजे सारा लोभ सुटेल असें सुचविलें. विचार स्पष्ट होता. परंतु त्यानंतरहि संघ त्याच बलाढ्यांसमोर उभा करण्यांत आला. वडीलमंडळींचा निर्णय होईपर्यंत त्याची किंमत शनिवारमागून शनिवार अठरा-वीस वर्षांच्या मुलांनीं आपल्या अंगावर भरली.

अखेर २१ डिसेंबर १९३९ रोजीं विद्यापीठाच्या विश्वस्तांनीं आंतरविद्यापीठीय फुटबॉल बंद केल्याचें जाहीर केलें. जानेवारींत हचिन्स यांनीं विद्यार्थ्यांपुढें भाषण करून या निर्णयाचें समर्थन केलें. एके काळच्या अजिंक्य संघानें मैदानच सोडलें, ही गोष्ट देशभर गाजली. कित्येकांना तें धैर्य वाटलें, कित्येकांना पलायन. दोन्ही मतांत थोडथोडें सत्य आहे. बाजारांत उभें राहून प्रामाणिकपणाचा आव आणण्यापेक्षां बाजार सोडणें केव्हांहि चांगलें. परंतु बाजार सोडतांना खेळहि सोडलाच पाहिजे होता काय? ओबर्लिन आणि वॉबॅश तर शेजारींच होते. बरोबरीच्यांशीं खेळून हरावें, जिंकावें आणि सोमवारीं पुन्हां वर्गांत जाऊन बसावें, हा तिसरा मार्ग उघडा होता. तो त्या वेळीं कोणी धरला नाहीं.

ओस पडलेल्या त्या मैदानाच्या नशिबीं निराळाच इतिहास होता. २ डिसेंबर १९४२ रोजीं स्टॅग फील्डच्या पश्चिमेकडील प्रेक्षागाराखालीं, स्क्वॉश खेळण्याच्या एका जागेंत, एन्रिको फर्मी व त्यांचे सहकारी यांनीं ग्रॅफाइट आणि युरेनियम यांची रास रचून माणसाच्या हातची पहिली स्वयंचलित अणुशृंखला सुरू केली. जेथें पूर्वीं लोकांच्या आरोळ्या घुमत, तेथें जगाचें भवितव्य बदलणारी ती घटना अगदीं गुपचुप घडली. १९४६ सालीं शिकागोनें ‘बिग टेन’चाहि निरोप घेतला. १९५७ सालीं तें प्रेक्षागार पाडण्यांत आलें, आणि १९७० सालीं त्या भूमीवर विद्यापीठाचें भव्य ग्रंथालय उघडलें. हचिन्स यांच्या चाहत्यांना यांत काव्यगत न्याय दिसला तर नवल नाहीं.

परंतु गोष्ट येथें संपत नाहीं. १९६३ च्या सुमारास विद्यार्थ्यांचाच एक हौशी संघ पुन्हां खेळूं लागला, तेव्हां कांहीं विद्यार्थ्यांनीं मैदानांतच ठाण मांडून विरोध केला. जुन्या बाजाराची भीति इतकी खोल गेली होती. तरीहि १९६९ सालीं विद्यापीठाचा अधिकृत संघ पुन्हां मैदानांत उतरला, आणि या वेळीं तो बरोबरीच्यांत उतरला. आजहि तो अशाच वर्गांत खेळतो कीं, जेथें खेळासाठीं म्हणून कोणालाहि विद्यार्थिवेतन मिळत नाहीं. जो मार्ग १९३९ सालीं समोर होता तो सांपडावयास तीस वर्षें लागलीं.

पराभवानें शिकागो विद्यापीठाची अब्रू गेली नाहीं. तें आजहि जगांतील अग्रगण्य विद्यापीठांत गणलें जातें. त्या ८५ गुणांनीं एवढेंच दाखविलें कीं, संस्थेनें जो निश्चय मनांत केला असेल तो वेळीं उघड बोलून दाखविला नाहीं तर त्याचा भार तिच्यांतील धाकट्यांवर पडतो. ज्यांनीं तो १९३९ सालीं उचलला त्यांच्या नांवावर ना चषक आहे ना पदक. परंतु पुढच्या शनिवारीं काय वाढून ठेवलें आहे हें ठाऊक असतांना ते पुन्हां मैदानावर उतरले, आणि हंगामाचे आठहि सामने त्यांनीं पुरे केले. त्या विद्यापीठाच्या क्रीडेतिहासांत सात अजिंक्यपदांच्या शेजारीं या आठ सामन्यांनाहि मानाची जागा मिळावी, असें मला वाटतें.