घरकामातील मुलांचा वाटा

घरातील कामांत मुलांनी हातभार लावावा, ही अपेक्षा फार जुनी आहे. तो हातभार कसा मिळवावा, हा प्रश्न मात्र त्या मानाने अलीकडचा. शेतकऱ्याच्या किंवा कारागिराच्या घरी तो पूर्वी सहसा उद्भवत नसे. विहिरीवरून पाणी आणणे, गुरे रानात नेणे, शेण गोळा करणे, दिवेलागणीपूर्वी कंदिलाची काच पुसून ठेवणे, धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन फिरणे, ही कामे मूल जरा जाणते झाले की आपोआप त्याच्या वाट्याला येत. कोणी ती समजावून देत नसे आणि कोणी त्याबद्दल शाबासकीही देत नसे.

परंतु ही वाटणी दोन पक्क्या रेषांनी आखलेली होती. चूल, पाणी, धुणीभांडी ही मुलीची कामे, ही पहिली रेषा. आणि झाडू व मैला ही विशिष्ट जातींची कामे, ही दुसरी. पुढे शाळा आल्या, नोकऱ्या आल्या, आणि पांढरपेशा घरांतून आणखी एक समजूत रूढ झाली. शिकणाऱ्या मुलाने केवळ शिकावे; घरातील कामाला हात लावणे हे त्याच्या शिक्षणात विघ्न, आणि काही अंशी त्याला कमीपणा आणणारेही. या तिन्ही रेषा पुसण्याचे प्रयत्न विसाव्या शतकात आपल्या लोकांनी मोठ्या निष्ठेने केले. नवल असे की, त्यांतील बहुतेक प्रयत्न घराबाहेर झाले.

पहिला महत्त्वाचा प्रयत्न झाला तो दक्षिण आफ्रिकेत. ट्रान्सवालमधील हिंदी लोकांचा सत्याग्रह १९१० साली ऐन भरात होता. सत्याग्रही तुरुंगात जात आणि मागे राहिलेल्या कुटुंबांच्या निर्वाहाचा प्रश्न उभा राही. त्या वेळी हर्मन कॅलनबॅक या वास्तुशिल्पज्ञ मित्राने जोहान्सबर्गपासून सुमारे एकवीस मैलांवर घेतलेली अकराशे एकर जमीन गांधीजींच्या हवाली केली. हेच ते टॉल्स्टॉय फार्म. चाळीसएक तरुण, दोनतीन वृद्ध, पाच स्त्रिया आणि वीस ते तीस मुले, असा तेथील परिवार होता. हिंदू, मुसलमान, पारशी, ख्रिस्ती अशा सर्व धर्मांची माणसे तेथे होती आणि त्यांच्या भाषाही निरनिराळ्या होत्या. गांधीजी या वसाहतीला एक कुटुंब मानीत व स्वतःकडे त्या कुटुंबातील पित्याचे स्थान घेत.

या कुटुंबात नोकर नव्हता. पाण्याचा झरा राहत्या जागेपासून सुमारे पाचशे यार्डांवर होता; तेथून पाणी वाहून आणावे लागे. खड्डे खणणे, लाकूड तोडणे, ओझी वाहणे, बागेची निगा राखणे, स्वयंपाक आणि शौचकूपाची सफाई, ही सर्व कामे तेथील लोकच करीत आणि मुलांचा त्यांत मोठा वाटा असे. मुले काम टाळीत नसत काय? टाळीत असत. कधी आजाराचे सोंगही करीत. त्यावर गांधीजींनी जो उपाय योजला, तो आजच्या आईबापांनीही ध्यानात ठेवण्याजोगा आहे. शिक्षक जे काम स्वतः करीत नाही, ते मुलांना सांगावयाचे नाही, असा तेथे दंडक होता. मुलांना काम दिले की कोणीतरी शिक्षक त्यांच्या बरोबरीने त्या कामाला लागे. आज्ञा देऊन बाजूला उभे राहण्याची सोय कोणालाच ठेवलेली नव्हती.

या प्रयोगाच्या मर्यादाही गांधीजींनी नोंदवून ठेवल्या आहेत. सकाळभर राबलेल्या मुलांचा अभ्यासवर्ग दुपारी भरे, तेव्हा मुलांचे आणि शिक्षकांचेही डोळे पेंगू लागत. श्रम आणि अभ्यास यांचा मेळ बसविण्याची ही अडचण घरकामाच्या प्रश्नाला पुढेही चिकटून राहिली.

महाराष्ट्रात या विचाराला स्वतंत्र रूप मिळाले ते साताऱ्यास. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली व १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. १९२७ साली गांधीजींच्या हस्ते या वसतिगृहाचे ‘छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस’ असे नामकरण झाले. खेड्यापाड्यांतील गरीब मुले येथे येत. मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान अशी सर्व मुले एका छपराखाली राहत व एका पंक्तीस जेवत. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई या मुलांच्या आई झाल्या. वसतिगृहात धान्य उरले नाही, तेव्हा अंगावरचे दागिने आणि अखेर मंगळसूत्रही त्यांनी मोडले, ही हकीकत महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे.

या वसतिगृहात पाणी भरणे, झाडलोट, स्वयंपाक, शेतीचे काम हे सर्व मुलेच करीत. स्वावलंबनाने शिक्षण हे संस्थेचे ब्रीदच होते. वरवर पाहता ही केवळ गरज होती, कारण नोकर ठेवण्यास पैसा कोठून आणावयाचा? परंतु या गरजेतून एक मोठी गोष्ट साधली. ज्या मुलाच्या हातचे पाणी गावात कोणी घेतले नसते, त्याने भरलेले पाणी येथे सर्व मुले पीत. आणि ज्याने घरी कधी केरसुणी हातात धरली नव्हती, त्याला येथे अंगण झाडावे लागे. कामाची पाळी जात पाहून येत नाही, हा धडा पुस्तकातून इतका पक्का झाला नसता.

घरात काय चालले होते, याचे चित्र साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या व १९३५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘श्यामची आई’ या पुस्तकात सापडते. कोकणातील एका घरात, विसाव्या शतकाच्या आरंभी, आई मुलाला कामाला कशी लावी, हे त्यात आले आहे. पत्रावळ लावावयास शिकण्याचा मुलाला कंटाळा आहे. आई आजारी असताना तिच्या वतीने वडाला प्रदक्षिणा घालावयास जायचे, तर बायकांचे काम करतो म्हणून लोक हसतील, अशी त्याला लाज वाटते. ती माता त्याची लाज घालविते. महाराष्ट्रातील लक्षावधी घरांत हे पुस्तक वाचून लोकांचे डोळे पाणावले. तरीही त्या घरांतील मुलगे आपली पत्रावळ आपण लावू लागले, असे म्हणण्यास फारसा आधार नाही. आईच्या कष्टांबद्दल हळहळणे आणि त्या कष्टांचा वाटा उचलणे, यांत अंतर राहिले.

१९३७ च्या ऑक्टोबरात वर्धा येथे राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली आणि डॉ. झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने मूलोद्योग शिक्षणाची योजना आखली. सेवाग्रामच्या शाळेत सफाई, स्वयंपाकघर व बाग ही शिक्षणाचीच अंगे मानली गेली. हाताने काम करणारा मुलगा हा शिकणारा मुलगाच होय, हे या योजनेने ठासून सांगितले. पण त्याच योजनेत वरच्या इयत्तांतील मुलींना मूळ उद्योगाऐवजी गृहशास्त्र घेण्याची मुभा होती. इतक्या क्रांतिकारक योजनेतही गृहशास्त्र मुलीच्याच वाट्यास आले, ही गोष्ट पहिली रेषा किती खोल होती ते दाखविते.

ही रेषा मुलीला किती महागात पडे, हे ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी ठाणे जिल्ह्याच्या किनारपट्टीत जवळून पाहिले. १९४५ साली बोर्डी येथे सुरू झालेले त्यांचे कार्य १९५७ साली कोसबाडच्या आदिवासी भागात गेले. आईबाप मजुरीला जात, तेव्हा धाकटी भावंडे सांभाळण्याचे काम घरातील थोरल्या मुलीकडे येई, मुलगे गुरांमागे जात, आणि शाळा ओस पडे. त्यांना धाकदपटशा दाखविण्याऐवजी या दोघींनी पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र आणून ‘विकासवाडी’ उभारली. त्यामुळे मुलगी भावंडाला घेऊनच शाळेत येऊ शकली. गुराख्यांसाठी कुरणातच शाळा भरविली. मुलाने घराला मदत करावी हे खरे. पण त्या मदतीपायी त्याचे शिक्षण बुडत असेल, तर तिला मदत न म्हणता ओझे म्हणावे लागते. कोसबाडने हा भेद डोळ्यांसमोर आणला. आपल्या कायद्यानेही तो काही प्रमाणात मानला आहे. २०१६ च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास सर्वत्र बंदी झाली. कुटुंबाला मदत करण्याची सवलत राहिली, ती शाळेची वेळ सोडून व सुटीपुरती.

आज चित्र बदलले आहे. आईवडील दोघेही नोकरीला, आजीआजोबा दूर गावी, मुले शाळा आणि शिकवणी यांत गुंतलेली, अशी घरे मुंबई-पुण्याप्रमाणेच इंदूर, बडोदे, दिल्ली, बंगळूर येथील मराठी वस्तीतही घरोघर दिसतात. पण कामाची वाटणी किती बदलली? १९९८-९९ साली सहा राज्यांत वेळेच्या विनियोगाची पाहणी झाली होती. तशी पहिली देशव्यापी पाहणी २०१९ साली झाली. सहा वर्षांवरील स्त्रियांपैकी शेकडा ८१ जणी, तर पुरुषांपैकी केवळ शेकडा २६ जण दिवसाकाठी काही ना काही बिनमोबदला घरकाम करीत असल्याचे तीत आढळले. घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देत होत्या, पुरुष ९७ मिनिटे. सहाव्या वर्षापासूनची ही गणना आहे, हे विसरता कामा नये. घरातील कोण उठते आणि कोण बसून राहते, हे मूल याच वयापासून पाहत असते.

म्हणून मुलांना कामाला कसे लावावे, या प्रश्नाचे उत्तर पुष्कळ अंशी वडीलधाऱ्यांच्या वागणुकीत आहे. टॉल्स्टॉय फार्मवर शिक्षक बरोबर राबत होते म्हणून मुले राबली. साताऱ्यात कोणतेच काम कोणा एकाचे नव्हते म्हणून कोणत्याही कामाची लाज उरली नाही. कोसबाडला कामाने शाळा बुडू दिली नाही. घरात याच गोष्टी लहान प्रमाणावर करता येतात. कामाच्या पाळ्या ठरवाव्या आणि त्या बदलत्या ठेवाव्या. मुलाला पोळी लाटता यावी आणि मुलीला दिव्याची तार जोडता यावी. परीक्षेच्या दिवसांत पाळी हलकी करावी, पण ती मुलासाठी जितकी हलकी होईल तितकीच मुलीसाठीही व्हावी. आणि जेवण झाल्यावर वडिलांनी आपले ताट स्वतः उचलून घासावयास घ्यावे. त्यानंतर मुलांना फार सांगावे लागणार नाही.