'हौशी' आणि 'धंदेवाईक' : जोनाथन डेव्हिसच्या कारकीर्दीच्या निमित्ताने

'हौशी' आणि 'धंदेवाईक' ही शब्दांची जोडी मराठी रंगभूमीच्या अभ्यासकांस सुपरिचित आहे. हौशी नटाचा चरितार्थ अन्य उद्योगावर चालतो, एवढाच बोध पहिल्या शब्दाने होतो. दुसऱ्यास क्वचित हलकेपणाची छटा येते खरी. परंतु धंदेवाईक नटास हौशी मंडळींच्या प्रयोगात उभे राहण्याची आजन्म बंदी कोणी केल्याचे ऐकिवात नाही. ब्रिटनमधील रग्बी युनियन या खेळात मात्र याच अर्थाच्या इंग्रजी शब्दांना शंभर वर्षे दंडविधानाचे सामर्थ्य लाभले होते. वेल्सचा खेळाडू जोनाथन डेव्हिस याची कारकीर्द या दृष्टीने तपासण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

'अॅमॅचर' या शब्दाचे मूळ लॅटिनमधील 'प्रेम करणे' या अर्थाच्या धातूत आहे. १८७१ साली लंडनमध्ये रग्बी फुटबॉल युनियनची स्थापना झाली, तेव्हा हा खेळ मुख्यतः उच्चभ्रू शाळांतून शिकलेल्या वर्गाचा होता. या वर्गास खेळावरील प्रेमासाठी रोजगार बुडवावा लागत नव्हता. पुढे यॉर्कशर व लँकेशर या परगण्यांतील गिरणी व खाणकामगार या खेळात उतरले. सामन्यासाठी काम सोडले की त्यांची त्या वेळेची मजुरी जाई. तिची भरपाई देण्याची मुभा असावी, असा ठराव यॉर्कशरच्या प्रतिनिधींनी १८९३ साली मांडला. तो १३६ विरुद्ध २८२ मतांनी फेटाळला गेला. २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्ड येथे उत्तरेकडील क्लबांनी वेगळी संघटना स्थापिली. प्रारंभी तिने दिवसाला सहा शिलिंग एवढीच भरपाई मान्य केली होती. हीच संघटना पुढे तेरा खेळाडूंच्या रग्बी लीगची जननी ठरली. युनियनच्या लेखी मात्र बुडालेली मजुरी घेणारा आणि खेळावर उपजीविका करणारा या दोघांत भेद उरला नाही. दोघेही 'धंदेवाईक'च ठरले.

वेल्सची स्थिती चमत्कारिक होती. तेथे कोळसा व पोलाद यांच्या आश्रयाने वाढलेला कामगारवर्ग या खेळाचा प्राण होता, तरीही वेल्सने युनियनची साथ सोडली नाही. १८९७ साली आर्थर गूल्ड या लोकप्रिय कर्णधारास लोकवर्गणीतून घर देण्यात आले. हे मानधनच होय, असा आक्षेप निघून वेल्सला काही काळ आंतरराष्ट्रीय मंडळाबाहेर राहावे लागले. अखेरीस इंग्रज संघटनेने हे प्रकरण अपवादात्मक मानून वाद मिटविला. अशी सवलत सर्वांच्या वाट्यास आली नाही. १९७८ साली गॅरेथ एडवर्ड्सने आत्मचरित्राचे मानधन स्वीकारले, तेव्हा तोही 'धंदेवाईक' ठरला. म्हणजे मैदानावर न मिळविलेल्या पैशानेही हा शब्द चिकटू शकत असे.

डेव्हिसचा जन्म १९६२ साली कार्मार्थनशरमधील ट्रिमसरन या खाणगावच्या परिसरात झाला. नीथ व लनेली या क्लबांकडून खेळलेल्या डेव्हिसने १९८५ साली इंग्लंडविरुद्ध वेल्सकडून पदार्पण केले. आक्रमणाची सूत्रे ज्याच्या हाती असतात, त्या 'आउटसाइड हाफ' जागेवर तो खेळे. १९८८ साली इंग्लंड, स्कॉटलंड व आयर्लंड या तिघांस हरवून वेल्सने 'ट्रिपल क्राउन' मिळविला, त्यात त्याचा मोठा वाटा होता. परंतु त्याच वर्षी न्यूझीलंडमध्ये वेल्सचा ५२-३ व ५४-९ असा पराभव झाला, आणि डिसेंबरात डेव्हिसच्या नेतृत्वाखालील संघ कार्डिफ येथे रुमानियाकडूनही हरला. जानेवारी १९८९ मध्ये तो विडनेस या लीगच्या क्लबात दाखल झाला. कराराची रक्कम दोन लाख तीस हजार पौंडांच्या आसपास असल्याचे त्या वेळी प्रसिद्ध झाले होते. या निर्णयाने वेल्सच्या संघाचे दार त्यास बंद झाले. पॉल मोरिआर्टी, जॉन डेव्हरो, स्कॉट गिब्ज आदी खेळाडूही पुढे त्याच वाटेने गेले.

लीगमध्ये प्रारंभी त्याच्याविषयी साशंकता होती. पण १९८९ सालीच विडनेसने ऑस्ट्रेलियाच्या कॅनबेरा संघास हरवून जागतिक क्लब-विजेतेपद मिळविले. ऑक्टोबर १९९४ मध्ये वेम्बलीवर एक खेळाडू बाद झालेल्या ग्रेट ब्रिटनने ऑस्ट्रेलियाचा ८-४ असा पराभव केला, त्यात डेव्हिसने केलेली धाव आजही स्मरली जाते. त्याच वर्षी लीगचा 'मॅन ऑफ स्टील' हा सन्मानही त्यास लाभला.

इकडे युनियनचा पाया ढासळत होता. १९८७ पासून विश्वचषक सुरू झाला होता. जून १९९५ मध्ये दक्षिण गोलार्धातील तीन संघटनांनी दूरचित्रवाणी-प्रक्षेपणासाठी दहा वर्षांचा ५५ कोटी ५० लक्ष डॉलरांचा करार केला. एवढे द्रव्य खेळात येत असता ते निर्माण करणाऱ्यास रिक्तहस्त ठेवणे अशक्य झाले. ऑगस्ट १९९५ मध्ये पॅरिस येथे आंतरराष्ट्रीय मंडळाने खेळ 'खुला' घोषित केला. त्याच वर्षीच्या अखेरीस डेव्हिस कार्डिफ क्लबात परतला आणि वेल्सकडून पुन्हा खेळला. मार्च १९९७ मध्ये इंग्लंडविरुद्ध तो अखेरचा आंतरराष्ट्रीय सामना खेळला, तेव्हा तो चौतीस वर्षांचा होता.

१९८९ साली ज्या कृत्यामुळे डेव्हिस बहिष्कृत झाला, तेच १९९५ नंतर त्या खेळाची रीत बनले. माणूस तोच, कौशल्य तेच. बदलला तो केवळ शब्दाचा अधिकार. मात्र त्या शब्दाची किंमत डेव्हिसने उमेदीच्या वर्षांनी चुकती केली, आणि तीच वर्षे वेल्सनेही गमावली. म्हणून इतिहासाच्या साधनांत 'हौशी' व 'धंदेवाईक' हे शब्द आढळताच त्यांस वर्णन समजून पुढे जाणे योग्य नव्हे. ते निवाडे होत. आणि निवाडा कोणी दिला व त्यापायी मजुरी कोणाची बुडाली, हे प्रश्न अभ्यासकाने प्रथम विचारले पाहिजेत.