सफरचंदाची जात आणि लाल कोळी : एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना :
लाल कोळी ही सफरचंदाच्या पानांतील रस शोषणारी, आठ पायांची सूक्ष्म कीड होय. जर्मन शास्त्रज्ञ कोख याने १८३६ मध्ये तिचे वर्णन केले. तिच्या प्रादुर्भावाने पाने तांबूस-तपकिरी होतात, फळे लहान राहतात व पुढील वर्षीचा बहारही घटतो. मात्र सर्व जातींना तिचा उपद्रव सारखा होत नाही. रेड डेलिशियस ही जात तिला विशेष बळी पडणारी मानली जाते. हा फरक केवळ झाडाच्या गुणधर्माचा की मानवी निर्णयांचाही, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

एका जातीचा विस्तार :
अमेरिकेतील आयोवा येथे जेसी हायट यांच्या बागेत आपोआप उगवलेल्या एका रोपापासून ही जात निर्माण झाली. १८९३ च्या फळप्रदर्शनानंतर स्टार्क ब्रदर्स या रोपवाटिकेने तिचा प्रसार केला. हिमालयात इंग्रजांनी कुलू व मशोबरा येथे पूर्वीच बागा लावल्या होत्या. परंतु सॅम्युएल स्टोक्स यांनी १९१६ मध्ये कोटगड परिसरात डेलिशियस लावल्यानंतर तिच्या गोडीमुळे चित्र पालटले. कलमाने वाढविलेले प्रत्येक झाड मूळ झाडासारखेच असते. त्यामुळे रंग व गोडीबरोबर किडीस बळी पडण्याचा गुणही डोंगरउतारांवर पसरत गेला.

कीडनाशकांचा काळ :
दुसऱ्या महायुद्धापूर्वी लाल कोळी बहुतांशी दुय्यम कीड होती. युद्धोत्तर काळात अमेरिका व युरोपातील बागांत डीडीटीचा वापर वाढला. त्याने लाल कोळी मेला नाही. त्याला खाणारे परभक्षी कोळी व ढालकिडे मात्र नष्ट झाले. कॅनडातील नोव्हा स्कोशिया येथे ए. डी. पिकेट यांनी मित्रकीटकांना जपणाऱ्या फवारणीचा पुरस्कार केला. रेचेल कार्सन यांनी 'सायलेंट स्प्रिंग' (१९६२) या ग्रंथात त्यांच्या कार्याची दखल घेतली. हिमाचल प्रदेशात ही कीड १९९० नंतरच्या दशकात गंभीर ठरली.

येथे जातीचा प्रश्न पुन्हा उपस्थित होतो. काही जातींच्या पानांखाली दाट लव असते. तिच्यात परागकण अडकतात आणि भक्ष्य नसतानाही परभक्षी कोळी त्यांवर तग धरतो. म्हणजे जातीची प्रतिकारक्षमता काही अंशी तिने आश्रय दिलेल्या मित्रकीटकांत असते. फवारणीने तेच मेले, तर लव असूनही झाडाला हा लाभ मिळत नाही.

निष्कर्ष :
किडीस बळी पडणे हा झाडाचा निव्वळ जन्मजात दोष नाही. बाजाराने निवडलेली जात आणि बागायतदाराने निवडलेली फवारणी यांचा तो संयुक्त परिणाम आहे. हिमाचलात आता गाला, फुजी यांसारख्या जातींच्या सघन बागा वाढत आहेत. कलम एकदा लावले की तो निर्णय अनेक वर्षे बदलता येत नाही. म्हणून फळाच्या रंगाइतकाच पानाचाही विचार लागवडीपूर्वी होणे अगत्याचे आहे.