एचआयव्हीची लस अजून का नाही? मारक पेशी आणि पुण्यातील चाचण्या

सातारा आणि सांगली हे एचआयव्हीचा प्रादुर्भाव जास्त असलेले जिल्हे म्हणून गणले गेले. कोविडची लस वर्षभरात आली, मग एचआयव्हीची चाळीस वर्षांत का नाही, असे इथले रुग्ण साहजिकच विचारतात.

बहुतेक लसी शरीराला प्रतिपिंडे, म्हणजेच अँटीबॉडी, तयार करायला शिकवतात. ही प्रतिपिंडे विषाणूच्या बाहेरच्या आवरणाला चिकटतात. एचआयव्हीचे आवरण मात्र सतत बदलते, शिवाय ते साखरेच्या रेणूंनी झाकलेले असते. म्हणून संशोधक पेशींच्या प्रतिकारशक्तीकडे वळले. विषाणू पेशीत शिरला की त्याच्या आतल्या प्रथिनांचे तुकडे पेशीच्या पृष्ठभागावर दिसू लागतात. सीडी-८ नावाच्या मारक पेशी ते ओळखतात आणि ती बाधित पेशीच नष्ट करतात. आतली प्रथिने आवरणाइतकी बदलत नाहीत, हा यातला फायदा.

मेख अशी की, मारक पेशी कामाला लागते ती लागण झाल्यावरच. तोवर काही विषाणू आपली जनुके पेशीच्या जनुकांत मिसळून निद्रिस्त होतात आणि तिला दिसतच नाहीत. त्यामुळे अशी लस लागण टाळण्यापेक्षा विषाणूचे प्रमाण कमी ठेवील, अशीच मुख्य अपेक्षा होती.

भारतातील पहिली चाचणी फेब्रुवारी २००५ मध्ये पुण्यात भोसरीच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेत सुरू झाली. भारतात आढळणाऱ्या 'सी' उपप्रकाराची काही जनुके एका निरुपद्रवी विषाणूत घालून ती ३० निरोगी स्वयंसेवकांना टोचली. लस सुरक्षित ठरली, पण प्रतिसाद क्षीण होता. २००९ मध्ये पुणे आणि चेन्नईत ३२ जणांवर दोन लसी एकामागोमाग देण्याची पद्धत तपासली गेली. तिचा प्रतिसाद बराच चांगला होता. मात्र पहिल्या टप्प्यातील चाचणी संरक्षण मिळते का, हे सांगत नाही.

मारक पेशींवर भिस्त ठेवणारी 'स्टेप' ही परदेशी चाचणी २००७ मध्ये थांबवावी लागली. थायलंडमधील लसीने २००९ मध्ये सुमारे ३१ टक्के संरक्षण दिले, पण त्याचे श्रेय बरेचसे प्रतिपिंडांकडे जाते. म्हणून आता दोन्ही शक्ती एकत्र जागवण्याचा प्रयत्न चालू आहे.

अशा लसीने एचआयव्ही होत नाही. तिच्यात पूर्ण विषाणू नसतो. पण लस घेतलेल्याची साधी अँटीबॉडी तपासणी पॉझिटिव्ह येऊ शकते. लग्न ठरताना रिपोर्ट मागणाऱ्या आपल्या समाजात ही किरकोळ बाब नव्हे. खरी लागण आहे का, हे विषाणूच्या जनुकांच्या तपासणीवरून कळते.

आज एचआयव्हीची मान्यताप्राप्त लस कुठेही मिळत नाही. कोणी विकत असेल, तर ती फसवणूक समजा. धोक्याचा संपर्क आला असेल तर ७२ तासांच्या आत, शक्य तितक्या लवकर सिव्हिलमध्ये जा. २८ दिवसांच्या गोळ्यांनी लागण टाळता येऊ शकते. लागण झालेल्यांसाठी एआरटीची औषधे सरकारी केंद्रांवर मोफत आहेत. माहितीसाठी १०९७ हा क्रमांक लावा.