मामा तलाव : धनी बदलले, जाणकार तेच

१/ चंद्रपूर-गडचिरोलीत गावोगावी ‘मामा तलाव’ आढळतात. हा मामा नात्यातला नव्हे. ‘माजी मालगुजारी’ या शब्दांचे ते संक्षिप्त रूप.

२/ गोंड राजवटीपासून धानशेतीसाठी असे तलाव बांधले गेले. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली, तलाव सरकारकडे आले. मासेमारी मात्र पिढ्यानपिढ्या ढिवरांचीच राहिली.

३/ पुढे तलावांत रोहू-कटला आले. हे नदीचे मासे. साचल्या पाण्यात त्यांची वीण होत नाही, म्हणून बीज विकत आणून सोडावे लागते. स्थानिक मरळ मात्र काठच्या पाणवनस्पतींत घरटे करून पिल्ले राखतो.

४/ पाणवनस्पती उपटल्या की मरळ हरवतो, हे ढिवर जाणतात. सातबाऱ्यावर तलावाचा धनी दिसतो. हे ज्ञान ढिवरवस्तीत जाऊनच शिकावे लागते.