ठरलेल्या वाटेवरची शर्यत

पाथर्डी तालुक्यातील मढी हे गाव कानिफनाथांच्या समाधीसाठी प्रसिद्ध आहे, तसेच रंगपंचमीच्या सुमारास तेथे भरणाऱ्या गाढवांच्या बाजारासाठीही. जनावर घेणारा आधी त्याचे दात पाहतो. दातांवरून वय कळते. पण चढाच्या वाटेवर ते किती ओझे किती वेळ वाहील, हे काही दातांवर लिहिलेले नसते. त्यासाठी ओझे लादून चालवूनच पाहावे लागते. दोन जनावरांची तुलना करायची असेल, तर ओझे तेच हवे आणि वाटही तीच हवी.

आज अकरावी-बारावीच्या मुलांमध्ये वेगळ्याच वस्तूवरून वाद रंगतात. संगणकावर खेळ खेळायचे, तर या दोन ग्राफिक्स कार्डांपैकी कोणते चांगले? खोक्यावर छापलेली मेमरी आणि मेगाहर्ट्झ हे त्या कार्डाचे दात म्हणावेत. त्यावरून अंदाज येतो, उत्तर मिळत नाही. मग उत्तर कसे काढायचे? गेली तीसेक वर्षे जगभर यावर खल चालू आहे. मोजमाप ही किती अवघड गोष्ट आहे, हे त्यातून इतके स्पष्ट दिसते की हा इतिहास वर्गात सांगण्याजोगा आहे असे आम्हांला वाटते.

प्रथम कार्डाचे काम समजून घेऊ. खेळातील भिंती, डोंगर, माणसे संगणकाच्या स्मृतीत त्रिकोणांच्या रूपात साठवलेली असतात. पाहणारा जागचा हलला, की प्रत्येक त्रिकोण पडद्यावर कोठे पडेल, कोणता कोणाच्या आड जाईल आणि प्रत्येक ठिपक्याचा रंग कोणता, हे सारे नव्याने ठरवावे लागते. जुन्या पडद्यावर आडवे ६४० आणि उभे ४८० ठिपके असत, म्हणजे एकूण ३,०७,२००. हालचाल अखंड भासावी म्हणून सेकंदाला ३० चित्रे काढायची म्हटली, तरी सेकंदाला ९२ लाखांहून अधिक ठिपके रंगवणे आले. हे एकसुरी पण अफाट काम मुख्य प्रोसेसरकडून काढून स्वतंत्र कार्डाकडे सोपवण्यात आले. घरगुती संगणकांत ही पद्धत १९९६ नंतर रुळली. त्या वर्षी आलेले थ्रीडीएफएक्स कंपनीचे ‘व्हूडू’ कार्ड त्यात अग्रभागी होते.

एका सेकंदात किती चित्रे, म्हणजे किती ‘फ्रेम’ निघाल्या, हे तुलनेचे स्वाभाविक माप ठरले. पण खेळ खेळता खेळता ते मोजणार कसे? एकदा खेळाडू भिंतीसमोर उभा राहील, पुढच्या वेळी मोठ्या मैदानात धावेल. भिंत रंगवणे सोपे, मैदान अवघड. यावर तोडगा खेळांमध्येच तयार होता. ‘डूम’ (१९९३) आणि ‘क्वेक’ (१९९६) या खेळांत एकदा खेळलेला डाव नोंदवून ठेवता येई आणि तोच डाव पुन्हा, जमेल तितक्या वेगाने, चालवता येई. क्वेक शेवटी एकूण फ्रेम, लागलेले सेकंद आणि त्यांचा भागाकार पडद्यावर छापून देई. तेच ओझे, तीच वाट! प्रयोगशाळेत आपण ज्याचा आग्रह धरतो ती पुनरावृत्तिक्षमता येथे आयतीच हाती आली. मासिकांतून स्तंभालेख छापले जाऊ लागले आणि उंच स्तंभ असलेले कार्ड विकले जाऊ लागले.

पण पहिला पेच लवकरच उभा राहिला. १९९८ साली एकीकडे ‘व्हूडू २’ होते, दुसरीकडे एनव्हिडियाचे ‘रिव्हा टीएनटी’. व्हूडू २ प्रत्येक ठिपक्याच्या रंगासाठी १६ बिट वापरी, म्हणजे ६५,५३६ छटा. टीएनटीला ३२ बिटांचे चित्र काढता येई, त्यात सुमारे १ कोटी ६७ लाख रंग मिळत. आकाशातली छटा अधिक सलग दिसे, पण तसे चित्र काढताना वेग घटे. मग तुलना १६ बिटांवर करायची की ३२ वर? १६ वर केली तर एकाची खास क्षमता मोजलीच जात नाही, आणि ३२ वर दुसऱ्याला मैदानात उतरताच येत नाही. ‘कोणते कार्ड जलद?’ या प्रश्नाआधी ‘कोणते काम करताना?’ हा प्रश्न येतो, हे येथे प्रथम नीट दिसले.

याहून मोठा पेच आला तो त्या ठरलेल्या वाटेमुळेच. चाचणी पुन्हा पुन्हा तशीच व्हावी म्हणून वाट ठरवायची. पण वाट ठरली की ती कार्ड बनवणाऱ्यालाही कळते. प्रश्नपत्रिका सर्वांना एकच हवी हे खरे, पण ती आधीच सर्वांच्या हाती असेल तर? शिक्षकांना हे अधिक समजावून सांगायला नको.

२००१ च्या अखेरीस एटीआय कंपनीचे ‘रेडिऑन ८५००’ बाजारात आले, तेव्हा काही परीक्षकांनी एक साधा प्रयोग केला. क्वेकच्या तिसऱ्या भागाची चाचणी सर्वत्र वापरली जात होती. त्यांनी त्या प्रोग्रॅममधील ‘क्वेक’ हे नाव पुसून ‘क्वॅक’ असे केले. खेळ तोच, संगणक तोच, कार्ड तेच. बदलले ते फक्त नाव. वेग कमी झाला आणि भिंतींवरची नक्षी अधिक रेखीव दिसू लागली! कार्ड चालवणारा ड्रायव्हर, म्हणजे कार्डासोबत येणारा प्रोग्रॅम, खेळाचे नाव ओळखून चित्राचा दर्जा उतरवत होता आणि वेग वाढवत होता. पुढच्या ड्रायव्हरमध्ये कंपनीने चित्र सुधारले, हेही नोंदवले पाहिजे. एकच घटक बदला आणि बाकी सारे स्थिर ठेवा, या नियमाचे यापेक्षा सुटसुटीत उदाहरण आमच्या पाहण्यात नाही.

दोन वर्षांनी, २००३ मध्ये, पाळी एनव्हिडियाची होती. फिनलंडच्या फ्युचरमार्क कंपनीचा ‘थ्रीडीमार्क ०३’ हा कार्डांना गुण देण्यासाठीच बनवलेला प्रोग्रॅम होता. त्यात कॅमेरा ठरलेल्या मार्गाने फिरे. विकासकांसाठीच्या प्रतीत मात्र कॅमेरा मोकळा सोडता येई. परीक्षकांनी तो मार्गावरून थोडा बाजूला नेला, तर एनव्हिडियाच्या कार्डावर आकाशाचे तुकडे गायब! कॅमेरा कोठे पाहणार हे आधीच माहीत असल्याने, जे दिसणार नाही ते ड्रायव्हर काढतच नव्हता. फ्युचरमार्कने चाचणीची ओळख पटू नये असे फेरफार केले, तेव्हा ‘जीफोर्स एफएक्स ५९०० अल्ट्रा’चे गुण २४.१ टक्क्यांनी घसरले. प्रतिस्पर्धी एटीआयच्या ‘रेडिऑन ९८०० प्रो’चे १.९ टक्के घसरले. म्हणजे तेही अगदी सोवळ्यातले नव्हते.

ही चाचणी खऱ्या खेळांसारखी नाही, असे एनव्हिडियाचे म्हणणे होते. ते सर्वस्वी चूक होते असे नाही. पुढे दोन्ही कंपन्यांनी संयुक्त निवेदन काढले आणि ‘फसवणूक’ या शब्दाऐवजी सौम्य शब्द आला. आमच्या मते रेषा येथे ओढावी: पाढे पाठ करून गणित लवकर सोडवणे ही हुशारी, तीच पंधरा उत्तरे पाठ करणे ही हुशारी नव्हे. कॅमेरा हलवल्यावरही चित्र टिकते का, एवढेच पाहायचे.

आता सरासरीबद्दल. समजा, एका सेकंदात ६० फ्रेम निघाल्या. पहिल्या कार्डाने प्रत्येकीला सुमारे १६.७ मिलिसेकंद घेतले. दुसऱ्याने ५९ फ्रेम प्रत्येकी १० मिलिसेकंदांत काढल्या, म्हणजे ५९० मिलिसेकंद, आणि उरलेल्या एकाच फ्रेमला ४१० मिलिसेकंद लावले. दोघांची सरासरी ६०! पण दुसऱ्या कार्डावर चित्र मध्येच जवळजवळ अर्धा सेकंद गोठते, आणि तेवढ्यात डाव संपतो. २०११ मध्ये ‘टेक रिपोर्ट’ या नियतकालिकाच्या स्कॉट वॉसन यांनी सेकंदाच्या आत डोकावून प्रत्येक फ्रेमचा वेळ मोजण्याची पद्धत पुढे आणली. तेव्हापासून चांगल्या परीक्षणांत सरासरीबरोबर सर्वांत संथ फ्रेमचा हिशेबही येऊ लागला. नववी-दहावीच्या वर्गात मध्य, मध्यक आणि विस्तार शिकवताना हे उदाहरण फळ्यावर मांडून पाहावे. दुसऱ्या कार्डाचा मध्यक १० येतो, म्हणजे मध्यकानेही ते खेळण्यालायक ठरते. दोष उघडा पडतो तो विस्तारातच.

खेळांसाठी घडलेल्या या चिप आज शास्त्रीय गणिते करतात, आणि मापाचा पेच त्यांच्यासोबत तेथेही पोहोचला. पुण्याच्या प्रगत संगणन विकास केंद्राचा, म्हणजे सी-डॅकचा, ‘परम सिद्धी-एआय’ हा महासंगणक नोव्हेंबर २०२० च्या जागतिक यादीत ६३ वा आला. त्यात एनव्हिडियाच्या ४२ पेट्या आहेत आणि प्रत्येक पेटीत ८ ग्राफिक्स प्रोसेसर. त्याचा वेग २१० पेटाफ्लॉप्स असल्याचे सांगितले गेले. जागतिक यादीत मात्र आकडा होता ४.६. खोटा कोणताच नव्हता. यादीसाठी एकसामयिक समीकरणांचा प्रचंड संच ६४ बिटांच्या अचूकतेने प्रत्यक्ष सोडवून दाखवावा लागतो. २१० हा आकडा कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कामांसाठी, जेथे थोड्या बिटांवर भागते. तोही सोडवून मोजलेला नव्हे, तर पेटीमागे ५ पेटाफ्लॉप्स गुणिले ४२ असा काढलेला.